नवताऱ्याचा वर्णपट: दिवसाच्या तयारीपासून फाइल पाठवेपर्यंत

इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यातले बरेच हौशी निरीक्षक आता दुर्बिणीला छोटं ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची काच) लावून नवताऱ्यांचे (अचानक भडकून मग मंदावणाऱ्या ताऱ्यांचे) वर्णपट घेऊ लागले आहेत. त्यातले काही माझ्याकडे तपासायला येतात, आणि पुष्कळदा नाइलाजाने सांगावं लागतं की हा वर्णपट कुठे पाठवता येणार नाही. दुर्बीण लहान पडली असं क्वचितच असतं. तुलनेचा, म्हणजे खरा वर्णपट आधीच ठाऊक असलेला, तारा घेतलेला नसतो, एच-अल्फा ही हायड्रोजनची तांबडी रेषा सॅच्युरेट झालेली (सेन्सरच्या कमाल आकड्याला टेकलेली) असते, नाहीतर फाइलवर भारतीय वेळ पडलेली असते. हे सगळं नंतर संगणकावर दुरुस्त होईल असा समज आहे. तो खरा नाही.

नवताऱ्याची आजची रात्र उद्या पुन्हा मिळत नाही. १९ मे २०२३ ला कोइची इतागाकी यांना एम१०१ दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ हा अतिनवतारा (अख्ख्या ताऱ्याचा स्फोट) दिसला, तेव्हा पहिल्या काही दिवसांच्या वर्णपटांत भोवतालच्या वायूच्या अरुंद उत्सर्जन रेषा होत्या. आठवड्याभरात त्या विरून गेल्या. ज्यांची तयारी आधीपासून होती त्यांनाच त्या मिळाल्या. म्हणून या लेखातला निम्मा भाग नवताऱ्याकडे दुर्बीण वळवण्याआधीचा आहे.

१. तुमचं उपकरण काय सांगू शकतं, ते आधी ठरवा

बहुतेकांकडे असतं ते मिलिमीटरला १०० रेषांचं, फिल्टरसारखं आयपीसच्या नळीत बसणारं ग्रेटिंग, उदाहरणार्थ स्टार ॲनालायझर १००. त्याची विभेदनक्षमता साधारण १०० धरा. म्हणजे एच-अल्फाजवळ, ६५६३ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबीचं एकक, मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), एकमेकींपासून ६५ अँगस्ट्रॉमच्या आत असलेल्या दोन रेषा एकच दिसतील. वेगाच्या भाषेत हे सेकंदाला ३,००० किलोमीटर होतात. नवताऱ्यातून फेकलेलं द्रव्य सेकंदाला काही शे ते तीन-चार हजार किलोमीटर वेगाने पळत असतं. तेव्हा या ग्रेटिंगने नवताऱ्याचा प्रसरणवेग मोजायला जाऊ नका. रेषेची जी रुंदी दिसते ती बहुतांशी तुमच्या उपकरणाची असते.

मग काय करता येतं? तारा खरोखर नवतारा आहे का, हे ठरवता येतं. त्यात लोहाच्या रेषा जोरदार आहेत की हेलियम-नायट्रोजनच्या, हे कळतं. दर काही दिवसांनी रेषांची उंची कशी बदलते, विरळ वायूच्या रेषा कधी उगवतात, हे नोंदवता येतं. एवढं नीट केलं तर ते उपयोगाचं काम आहे. आल्पी ६०० सारखा स्लिट (प्रकाशासाठी अरुंद फट) असलेला स्पेक्ट्रोग्राफ असेल तर विभेदनक्षमता ६०० च्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला ५०० किलोमीटर, आणि रेषेच्या निळ्या कडेवरची शोषणाची खाच वेगळी दिसू लागते. पुढचे टप्पे मुख्यतः साध्या ग्रेटिंगसाठी आहेत. स्लिटवाल्यांना काय वेगळं करावं लागेल ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

२. लक्ष्य आणि जागा: इंदूरचा हिशेब

आपलं अक्षांश २२.७ अंश उत्तर. ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश, ते) आणि हे अक्षांश यांतला फरक ९० मधून वजा केला की मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना तारा किती उंच येईल ते कळतं. आपल्या आकाशगंगेतले बरेचसे नवतारे धनू, वृश्चिक, भुजंगधारी या भागात सापडतात. उणे ३० अंश क्रांतीचा तारा इथून जास्तीत जास्त ३७ अंश वर येतो. आकाशाचा हा भाग जून-जुलैत संध्याकाळी चढतो, आणि नेमका तेव्हा मालव्यात पाऊस असतो. त्यामुळे आपल्याला खरी संधी दोनच वेळा: मार्च ते मे मधल्या पहाटे, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात अंधार पडल्यानंतरचे तास-दोन तास नैऋत्येला.

दक्षिणेकडचं लक्ष्य असेल तर शहराच्या दक्षिणेला जा. खंडवा रस्त्यावर सिमरोल-चोरलच्या बाजूला किंवा महूच्या पुढे जानापावला गेलात तर इंदूरचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो, आणि समोर घाट उतरून निमाड सुरू होतो. सांवेर-उज्जैन रस्त्याला बसलात तर शहराचा सगळा झगमगाट बरोबर वृश्चिकाच्या खाली येतो. अंतर तेवढंच, पण वर्णपटात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

टी कोरोना बोरियालिसचं गणित निराळं आहे. उत्तर मुकुटातला हा पुनरावर्ती नवतारा १८६६ आणि १९४६ मध्ये पेटला होता, एरवी तो दहाव्या प्रतीच्या आसपास असतो (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), आणि पुढच्या स्फोटासाठी जगभरचे निरीक्षक त्याच्यावर डोळा ठेवून आहेत. त्याची क्रांती अधिक २५.९ अंश, म्हणजे इंदूरहून तो खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम तीन अंशांवरून जातो. याच्यासाठी रामबागेतली किंवा सुदामानगरातली गच्चीसुद्धा चालेल. मात्र भडकला की तो आठवड्याभरातच नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो, तेव्हा तयारीला मुदत मिळणार नाही. त्याचा शांत अवस्थेतला वर्णपट घेण्याचा सराव आधी करून ठेवा. त्यात तांबड्या राक्षसी ताऱ्याचे टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद शोषणपट्टे दिसतात. ते दिसले नाहीत तर तुम्ही शेजारच्या ताऱ्यावर आहात, किंवा फोकस चुकला आहे.

> तपासणी: नवताऱ्याचे निर्देशांक २००० सालच्या संदर्भाचे आहेत ना, आणि नकाशावरचे शेजारचे चार-पाच तारे तुमच्या फ्रेममध्ये त्याच आकृतीत बसतात ना? आकाशगंगेच्या गर्दीत चुकीचा तारा धरणं फार सोपं आहे.

३. दिवसा करायची कामं

ग्रेटिंग आणि सेन्सर यांतलं अंतर दिवसाच पक्कं करा आणि मग त्याला हात लावू नका. १०० रेषांच्या ग्रेटिंगसाठी सूत्र सोपं आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला १०० ने गुणा, मिलिमीटरमधल्या अंतराने भागा. उत्तर येतं ते एका पिक्सेलमागे अँगस्ट्रॉममध्ये. २.९ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिलिमीटर अंतर असेल तर ५.८ अँगस्ट्रॉम. या मांडणीत ताऱ्याच्या सरळ प्रतिमेपासून, म्हणजे शून्य क्रमापासून, एच-बीटा (हायड्रोजनची निळसर रेषा) सुमारे ८३८ पिक्सेलवर आणि एच-अल्फा ११३१ पिक्सेलवर येईल. सुमारे १९०० पिक्सेल रुंदीच्या सेन्सरवर शून्य क्रम आणि ७५०० अँगस्ट्रॉमपर्यंतचा पट्टा दोन्ही आरामात मावतात.

शून्य क्रम फ्रेमच्या बाहेर गेला तर चालेल का, असा प्रश्न नेहमी येतो. चालणार नाही. तरंगलांबीच्या मोजपट्टीचा तो शून्याचा खिळा आहे.

अंतर वाढवलं की पट्टा लांबतो आणि तपशील वाढल्यासारखे वाटतात. पण प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो, मंद ताऱ्याचा संकेत बुडतो, आणि दुर्बिणीचं फोकल गुणोत्तर लहान असेल तर पट्ट्याची दोन टोकं एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत. ८ इंची दुर्बीण आणि लहान पिक्सेलचा कॅमेरा असेल तर ४५ ते ५५ मिलिमीटरवरच थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

ग्रेटिंग फिरवून पट्टा सेन्सरच्या आडव्या ओळीला शक्य तितका समांतर करा. संध्याकाळी एखाद्या लांबच्या दिव्यावर हे जमतं. मग लॉकिंग रिंग आवळा आणि कडेला मार्करने खूण करा.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज बघा. फिट्स (खगोलीय चित्रांचा प्रमाणित प्रकार) फाइल, १६ बिट. ऑटो एक्सपोजर, ऑटो गेन, गॅमा, शार्पनिंग, नॉइज रिडक्शन हे सगळं बंद. डीएसएलआर असेल तर रॉ, जेपेग अजिबात नाही. जेपेगमध्ये उजेड आणि आकडा यांचं सरळ प्रमाण मोडतं, ते मागाहून जुळवता येत नाही.

लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. चोरलकडे नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून हे घरून निघण्याआधी.

> सावधान: "काल अंतर बरोबर होतं" म्हणून आज गृहीत धरू नका. ग्रेटिंग काढून पुन्हा बसवलं असेल तर एच-बीटाचं अंतर पिक्सेलमध्ये पुन्हा मोजा. एक-दोन पिक्सेलपेक्षा जास्त फरक आला तर जुनी मोजपट्टी बाद.

४. अंधार पडल्यावर: फोकस आणि दिशा

इथे सर्वात जास्त वर्णपट बिघडतात. फोकस ताऱ्याच्या टिपक्यावर करायचा नाही, पट्ट्यावर करायचा. दोघांचा फोकस एकाच जागी नसतो. ए वर्गाचा (तप्त, पांढरा, हायड्रोजनच्या ठळक खाचा असलेला) एखादा तेजस्वी तारा धरा. उन्हाळ्यात अभिजित उत्तम. पट्ट्यात एच-बीटा आणि एच-गॅमा या हायड्रोजनच्या रेषांच्या खाचा शोधा आणि फोकसर अगदी थोडा थोडा सरकवत त्या सर्वात अरुंद व काळ्या करा. या वेळी पट्ट्याची उंची किती झाली याकडे लक्ष देऊ नका, खाचांकडे द्या. लाल टोक किंचित सैल राहिलं तरी चालेल. फोकसरवरचा आकडा वहीत लिहा. उन्हाळ्यात संध्याकाळ ते पहाट तापमान बरंच उतरतं आणि फोकस सरकतो, म्हणून नवताऱ्यावर जाण्याआधी जवळच्याच एखाद्या ए ताऱ्यावर पुन्हा बघा.

आता दिशा. धनू-वृश्चिकाच्या गर्दीत नवताऱ्याच्या पट्ट्यावर शेजारच्या ताऱ्याचा पट्टा चढतो. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या ताऱ्याचा शून्य क्रम तुमच्या पट्ट्यात येऊन बसतो. तो हुबेहूब अरुंद उत्सर्जन रेषेसारखा दिसतो, आणि मग "अनोळखी रेषा" सापडल्याचा आनंद होतो. यावर एकच इलाज: कॅमेरा आणि ग्रेटिंग दोन्ही मिळून दुर्बिणीत फिरवा, म्हणजे पट्टा आकाशातल्या मोकळ्या बाजूला पडेल.

> तपासणी: शंका आली तर २०-३० अंश फिरवून दुसरा संच घ्या. खरी रेषा पट्ट्याबरोबर त्याच तरंगलांबीला राहते. शेजारचा तारा जागा बदलतो.

विषुववृत्तीय माउंट वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. टी कोरोना बोरियालिससारखा तारा डोक्यावरून जाताना माउंट पलटी घेतो आणि फ्रेम १८० अंशांत फिरते. आधी डावीकडे असलेला शून्य क्रम आता उजव्या बाजूला येतो. पलटीच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम एका संचात मिसळू नका. शक्य असेल तर सगळं काम पलटीच्या एकाच बाजूला उरका.

५. क्रम: तुलनेचा तारा, नवतारा, पुन्हा तुलनेचा तारा

या लेखातलं एकच काही पाळायचं ठरवलंत तर हे पाळा.

कॅमेरा, ग्रेटिंग, आरसे आणि हवा मिळून प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात खातात. तुम्हाला दिसणारा पट्ट्याचा उतार हा ताऱ्याचा उतार नसतो. ज्याचा खरा वर्णपट आधीच ठाऊक आहे असा ए किंवा बी वर्गाचा तारा त्याच रात्री, तशाच उंचीवर घेतला तरच हा परिणाम काढून टाकता येतो. मागच्या महिन्याचा प्रतिसाद वक्र (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश खाल्ला गेला ते दाखवणारा) वापरून भागत नाही, आणि मालव्यात तर मुळीच नाही. एप्रिलात गहू निघाला की शेतांत नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) जळते, मेमध्ये धुळीचा पडदा असतो, डिसेंबर-जानेवारीत पाणी दिलेल्या गव्हाच्या शेतांवर धुकं धरतं. दर वेळी निळा भाग वेगळ्या प्रमाणात कापला जातो. दिवाळीनंतरच्या दोन-तीन रात्री मी तर काम ठेवूच नये म्हणेन.

तुलनेचा तारा निवडताना तीन गोष्टी बघा. वर्ग बी ८ ते ए ३ च्या दरम्यान असावा. उंचीतला फरक पाच-सात अंशांहून जास्त नसावा. आणि दोन्हींमधलं वेळेचं अंतर अर्ध्या तासाच्या आत असावं. टी कोरोना बोरियालिससाठी उत्तर मुकुटातलाच सर्वात तेजस्वी तारा अल्फेका सोयीचा, तो सुमारे सहा अंशांवर आहे. दक्षिणेकडच्या लक्ष्यांसाठी जागेवर गेल्यावर शोधाशोध करू नका, नकाशा कार्यक्रमात दुपारीच दोन तारे निवडून ठेवा.

मग क्रम असा: तुलनेचा तारा, डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम), नवतारा, डार्क, तुलनेचा तारा. दोन वेळच्या तुलनेच्या ताऱ्यांचे पट्टे एकमेकांवर जुळले तर मधल्या काळात हवा स्थिर होती असं खात्रीने म्हणता येतं. जुळले नाहीत तर रेषांची जागा आणि ओळख वापरा, पट्ट्याचा उतार वापरू नका, आणि तसं नोंदीत लिहा.

स्लिटवाल्यांसाठी: ३० अंश उंचीवर निळा आणि लाल प्रकाश हवेमुळे एकमेकांपासून साधारण दोन आर्कसेकंद सरकलेले असतात. स्लिट क्षितिजाला आडवी धरली तर एक रंग आत जातो आणि दुसरा बाहेर राहतो. खाली असलेल्या ताऱ्यासाठी स्लिट क्षितिजाला उभी ठेवा. कॅलिब्रेशन दिव्याची फ्रेम नवताऱ्याच्या आधी आणि नंतर, दुर्बीण त्याच दिशेला असताना घ्या.

६. एक्सपोजर: अखंड पट्ट्याकडे बघून ठरवू नका

स्फोटानंतर काही आठवड्यांनी नवताऱ्याची एच-अल्फा रेषा शेजारच्या अखंड पट्ट्याच्या (रेषांमधल्या सलग उजेडाच्या) दहापट किंवा त्याहूनही उंच जाऊ शकते. पट्टा छान उजळ दिसेपर्यंत एक्सपोजर वाढवलं की ही रेषा केव्हाच छताला लागलेली असते. मग तिची उंची, तिचं एच-बीटाशी गुणोत्तर, सगळंच खोटं.

म्हणून दोन संच घ्या. पहिल्यात एच-अल्फाचा सर्वात उजळ पिक्सेल ४५,००० च्या आत राहील असं एक्सपोजर, १६ बिटांची कमाल ६५,५३५ धरून. दुसऱ्यात चार-पाचपट लांब, म्हणजे मंद रेषा आणि निळा भाग वर येतो. दुसऱ्या संचात एच-अल्फा कापली गेली तरी हरकत नाही, पण त्या संचातली एच-अल्फा कधीही मोजू नका. शून्य क्रम सॅच्युरेट होणं चालतं. फक्त तो इतका फुगू नये की त्याचं केंद्र सापडेनासं होईल.

एकाच लांबलचक फ्रेमऐवजी छोट्या वीस-तीस फ्रेम घ्या. वाऱ्याने किंवा उपग्रहाने बिघडलेल्या काढून टाकता येतात.

डार्कबद्दल थोडक्यात. त्याच एक्सपोजरच्या, त्याच गेनच्या, त्याच तापमानाच्या डार्क हव्यात. कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्यात रात्री सुरुवातीच्या डार्क पहाटे लागू पडत नाहीत, म्हणूनच वरच्या क्रमात त्या दोनदा आल्या. कूलिंग असेल तर मे महिन्यात उणे वीसचा हट्ट धरू नका. जे तापमान कॅमेरा रात्रभर सहज टिकवेल तेच ठेवा.

> तपासणी: जागा सोडण्यापूर्वी एक फ्रेम उघडून एच-अल्फाचा कमाल आकडा वाचा. घरी येऊन कळलं तर उपयोग नाही.

७. संगणकावर: याच क्रमाने

आयसिस, बास किंवा आरस्पेक, कोणताही कार्यक्रम चालेल. पायऱ्या सगळीकडे सारख्याच आहेत.

१. डार्क वजा करा.

२. फ्रेम जुळवून बेरीज किंवा सरासरी घ्या. ग्रहांच्या चित्रांसाठीचे शार्पनिंगचे पर्याय इथे निषिद्ध.

३. पट्टा पूर्ण आडवा होईल एवढाच फिरवा.

४. पट्ट्याच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंनी आकाशाचा भाग घेऊन पार्श्वभूमी वजा करा. त्या भागात दुसरा तारा नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

५. तुलनेच्या ताऱ्यावर तरंगलांबीची मोजपट्टी बनवा: शून्य क्रम ० ला, एच-बीटा ४८६१ ला, एच-गॅमा ४३४० ला, आणि पडताळ्यासाठी ७६०० जवळचा हवेतल्या ऑक्सिजनचा पट्टा. तीच मोजपट्टी नवताऱ्याला लावा.

६. तुलनेच्या ताऱ्याचा पट्टा त्याच वर्गाच्या प्रमाणित वर्णपटाने भागून प्रतिसाद वक्र काढा, आणि नवताऱ्याचा पट्टा त्या वक्राने भागा.

७. रेषा नसलेल्या एखाद्या छोट्या भागात सरासरी १ करून पट्टा सामान्यीकृत करा.

पाचव्या पायरीवर थांबून बोलायला हवं. नवताऱ्याच्याच एच-अल्फा शिखराला ६५६३ म्हणून मोजपट्टी बसवणारे पुष्कळ आहेत. नवताऱ्याच्या रेषेची निळी बाजू बहुतेकदा शोषणाने कापलेली असते, त्यामुळे शिखर लाल बाजूला ढकललेलं असतं. जी गोष्ट मोजायची तीच आधी गृहीत धरली तर मोजण्यात अर्थच उरत नाही.

सहाव्यातली चूक वेगळी. भागाकारानंतर वक्रात हायड्रोजनच्या बामर रेषांच्या जागी आणि हवेच्या पट्ट्यांच्या जागी खड्डे व सुळके उरतात. ते हाताने काढून वक्र मऊ करायचा असतो. तसेच ठेवले तर नवताऱ्याच्या पट्ट्यात नसलेल्या रेषा तयार होतात, आणि त्या नेमक्या हायड्रोजनच्या जागी, म्हणजे सर्वात फसव्या ठिकाणी येतात. उलट, वक्र इतकाही मऊ करू नका की कॅमेऱ्याचा खरा उतार-चढाव पुसला जाईल.

> तपासणी: त्याच रात्री घेतलेल्या दुसऱ्या तुलनेच्या ताऱ्याला हा वक्र लावून बघा. तो त्याच्या प्रमाणित वर्णपटावर बसला तरच नवताऱ्याला लावा.

७५०० च्या पलीकडे पट्टा कापून टाका. ग्रेटिंग दुप्पट अंतरावर दुसरा पट्टाही पाडतं, त्याला दुसरा क्रम म्हणतात; ३८०० चा दुसरा क्रम ७६०० वर येऊन बसतो, तिथून पुढे दोन रंगांची मिसळ असते.

८. रेषांची ओळख आणि तीन नेहमीचे घोटाळे

पहिला घोटाळा सर्वात महत्त्वाचा. नव्या नवताऱ्यात ५०१० ते ५०२० जवळ रेषा दिसली की लगेच "ऑक्सिजनची ५००७ रेषा आली" असं लिहिलं जातं. शिखरानंतरच्या पहिल्या दिवसांत तसं नसतं. ५००७ ही दोनदा आयनीभूत (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनची निषिद्ध रेषा, आणि ती यायला वायू खूप विरळ व्हावा लागतो. बहुतेक नवताऱ्यांत त्याला आठवडे किंवा महिने लागतात. तुम्हाला दिसते ती एकदा आयनीभूत लोहाची ५०१८. खात्री कशी करायची? तिच्या जोडीदार ४९२४ आणि ५१६९ शोधा. त्या असतील तर लोह. ५००७ असेल तर तिच्या सोबत तिच्या एक तृतीयांश ताकदीची ४९५९ असायलाच हवी.

दुसरा: दिव्यांच्या रेषा. जुन्या दिव्यांचा पारा ४३५८ आणि ५४६१ ला, सोडियम ५८९० च्या आसपास. एलईडीचा ४५०० जवळचा फुगवटा आणि पिवळ्या-तांबड्यातली रुंद टेकडी ही पार्श्वभूमी नीट वजा न झाल्याची खूण. पार्श्वभूमीचा पट्टा स्वतंत्र काढून शेजारी ठेवला की हा घोटाळा मिटतो.

तिसरा: ५८७६ ची हेलियम आणि ५८९० ची सोडियम. साध्या ग्रेटिंगने या वेगळ्या होत नाहीत. हेलियम म्हणायचं असेल तर ६६७८ आणि ७०६५ या हेलियमच्या इतर रेषा दाखवा. नाहीतर नोंदीत "५८८० जवळची रेषा" एवढंच लिहा. हे लिहिण्यात कमीपणा नाही, वाचणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

लोह की हेलियम-नायट्रोजन, हा शिक्का एका रात्रीवरून मारू नका. २०२१ मध्ये शर्मिष्ठेत निघालेला व्ही१४०५ कॅस मार्चमध्ये सापडला आणि शिखराला मे महिन्यात पोहोचला. दरम्यान त्याच्या वर्णपटाचं रूप पालटलं होतं.

९. अतिनवतारा असेल तर

इथे गंमत अशी की साध्या ग्रेटिंगची कमी विभेदनक्षमता आड येत नाही, कारण रेषाच शेकडो अँगस्ट्रॉम रुंद असतात. अडचण असते ती मंदपणाची. २०११ मधला एसएन २०११एफई दहाव्या प्रतीच्या जवळ पोहोचला होता, पण तसे फार थोडे. ८ इंची दुर्बिणीने गच्चीवरून बाराव्या प्रतीच्या पलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नका.

आधी हायड्रोजन आहे का ते बघा. असेल तर दुसरा प्रकार. नसेल आणि ६१५० जवळ रुंद खाच असेल तर प्रकार वन-ए. ही सिलिकॉनची ६३५५ ची खाच निळीकडे सरकलेली असते. २०५ अँगस्ट्रॉमचं सरकणं म्हणजे सेकंदाला सुमारे ९,७०० किलोमीटर. हा वेग साध्या ग्रेटिंगनेही मोजता येतो, आणि मोजावा. त्याआधी यजमान दीर्घिकेचा ताम्रसृतीचा (ती दूर जात असल्याने रेषा लाल बाजूला किती सरकतात त्याचा) आकडा घेऊन सगळी तरंगलांबी तितकी मागे आणायला विसरू नका.

> सावधान: दीर्घिकेच्या भुजेतल्या तेजोमेघाची अरुंद एच-अल्फा अतिनवताऱ्याच्या पट्ट्यात मिसळते आणि वन-एचा "हायड्रोजनवाला" अतिनवतारा बनतो. स्लिट नसेल तर पट्ट्याची दिशा दीर्घिकेच्या गाभ्यापासून आणि उजळ भुजांपासून दूर वळवा.

१०. वेळ, नोंद आणि पाठवणं

फाइलवर जागतिक वेळच हवी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. सगळा घोळ पहाटेच्या निरीक्षणांत होतो: २० एप्रिलच्या पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी घेतलेला वर्णपट जागतिक वेळेत १९ एप्रिलचा, २२ वाजून ४० मिनिटांचा असतो. तारीख बदलते. नुसते तास बदलून तारीख तशीच ठेवली की वर्णपट पूर्ण एक दिवस पुढे जातो, आणि भडकत्या नवताऱ्यासाठी एक दिवस खूप मोठा आहे. ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) वापरला तर सोय होते. तो जागतिक दुपारी, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच अंकात राहते.

फिट्स हेडरमध्ये ताऱ्याचं नाव, सुरुवातीची वेळ, एकूण एक्सपोजर, ठिकाण, उपकरण आणि निरीक्षक लिहा. वर्णपट सूर्यकेंद्री वेगासाठी (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीसाठी) सुधारलेला आहे की नाही तेही लिहा. ही सुधारणा जास्तीत जास्त सेकंदाला ३० किलोमीटरची असते, साध्या ग्रेटिंगला ती करण्याची गरज नाही, पण केलेली नाही हे नमूद हवं. अरास या हौशी वर्णपट निरीक्षकांच्या गटाच्या संग्रहासाठी फाइलच्या नावात ताऱ्याचं नाव, जागतिक तारीख, दिवसाचा दशांश तीन आकड्यांत आणि निरीक्षकाचं नाव येतं. वरच्या उदाहरणात तो दशांश ९४४. एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संस्थेच्या वर्णपट संग्रहाला वेगळी नोंदणी लागते, आणि ती आत्ताच करून ठेवा. स्फोटाच्या रात्री पासवर्डच्या मेलची वाट बघत बसावं लागू नये. अतिनवताऱ्यांची वर्गीकरणं ट्रान्झियंट नेम सर्व्हर या अधिकृत नोंदणी संकेतस्थळावर जातात. तिथे पाठवण्यापूर्वी आधीचं वर्गीकरण आलेलं आहे का ते बघा.

पाठवलेली फाइल शंका घेऊन परत आली तर बहुधा प्रतिसाद वक्र किंवा मोजपट्टीबद्दल विचारलेलं असतं. त्या वेळी मूळ फ्रेम, डार्क आणि तुलनेच्या ताऱ्याच्या दोन्ही वेळच्या फ्रेम लागतात, म्हणून त्या रात्रीच्या फोल्डरमध्ये न बदलता ठेवा आणि प्रक्रिया नेहमी प्रतीवर करा. नवतारा अजून सातव्या-आठव्या प्रतीपेक्षा तेजस्वी असेल तर पुढच्या तीन रात्री सलग, त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी तोच क्रम, तीच मांडणी आणि शक्यतो तोच तुलनेचा तारा.